गॅस संपत नाही

हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, कुठल्याही गावच्या गॅरेजसमोर गाडी उभी करा आणि म्हणा, "एसी नीट थंड करत नाही." पुढचं वाक्य ठरलेलं आहे. "गॅस कमी झाला असन, टाकून देतो." मिस्त्री अजून गाडीजवळही आलेला नसतो. हातातला चहाही संपलेला नसतो. पण निदान झालेलं असतं, औषध ठरलेलं असतं आणि बिलही.

एसीतला गॅस डिझेलसारखा जळत नाही, इंजिन ऑइलसारखा काळा पडत नाही. तो एका बंद नळीत गोल गोल फिरतो. जुन्या गाडीत रबरी पाइपांमधून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षाकाठी थोडा झिरपतो हे खरं. पण दर एप्रिलला 'संपत' असेल तर कुठेतरी लीक आहे, आणि लीक असेल तर आधी ती शोधायला हवी. लीक नसेल तर? तर दरवर्षी आपण भरलेल्या टाकीत आणखी ओततोय. आमच्याकडे नेमकं हेच चालू होतं.

आमच्याकडे म्हणजे बाबांकडे. बाबा ट्रक चालवतात, स्वतःचा, दहा चाकी, २०१३ चा. २०१९ मध्ये सेकंडहँड घेतला. केबिनला कंपनीतूनच एसी होता आणि तेव्हा आमच्या गल्लीत त्याची चर्चा झाली होती, कारण एसी असलेला ट्रक म्हणजे बापाने लग्नात दिलेल्या सोफ्यासारखा, असावा पण वापरू नये. बाबा जिनिंगमधून कापसाच्या गाठी भरतात. एक गाठ १७० किलोची. हिंगणघाटहून निघायचं, आदिलाबाद, हैदराबाद, बंगळूर करत कोइंबतूरकडच्या सूतगिरण्यांपर्यंत. राष्ट्रीय महामार्ग ४४ आमच्या गावावरूनच जातो, त्यामुळे बाबांच्या तोंडी 'घरून सरळ' असा रस्ता सांगायची पद्धत आहे. घरून सरळ हजाराहून जास्त किलोमीटर.

२०२४ च्या मे महिन्यात आदिलाबादच्या अलीकडे क्लीनरच्या लक्षात आलं की बाबा एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारतायत. "टोल गेला का?" टोल मागे गेला होता, पावती समोर डॅशबोर्डवर होती. त्या पोराने गाडी बाजूला घ्यायला लावली, म्हणून मी हे लिहू शकतेय. उलट्या झाल्या, हातापायात गोळे आले, अंग तापलेलं आणि घाम बंद. त्याने पाण्याचा कॅन अंगावर रिकामा केला, गमछा ओला करून मानेवर ठेवला आणि एका जीपवाल्याला थांबवून दवाखान्यात नेलं. बाबा बीपीची जी गोळी घेतात, तिच्यात लघवी वाढवणारं औषध आहे. शरीरातलं पाणी एकीकडून गोळी काढतेय, दुसरीकडून केबिन. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि सांगितलं की उन्हाळ्यात दुपारी अशा केबिनमध्ये बसायचं नाही. एकतर केबिन थंड करा, नाहीतर गाडी विका.

गाडीवर कर्ज होतं. बाबा तेव्हा ५९ वर्षांचे. गाडी विकून ते काय करणार, हा प्रश्न घरात कुणीच मोठ्याने विचारला नाही. आई फक्त एकदा म्हणाली, "मग हे घरी बसून दिवसभर कोनावर ओरडतीन?" आम्ही हसलो. ती हसली नव्हती.

मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. २०२५ च्या एप्रिलमध्ये घरून काम करायची परवानगी काढून हिंगणघाटला आले तेव्हा बाबा नुकतेच गॅस टाकून परतले होते. अडीच हजार रुपये. "आता बर्फ आहे बर्फ," असं फोनवर सांगितलं होतं. मी आले त्या दिवशी बर्फ वितळलेला होता.

मला गाड्यांमधलं कळत नाही. पण कामामुळे एक सवय आहे. कुणी 'चालत नाही' म्हणालं की मी विचारते, कधी चालत नाही? कायम, की ठरावीक वेळी? बाबा म्हणाले, कायमच. क्लीनर म्हणाला, नाही, रोडवर बरं असतं. जिनिंगच्या गेटवर लायनीत उभं राहिलं, घाट चढायला लागला, टोलवर अडकलो की गरम हवा येते. हे ऐकून बाबांनी त्याच्याकडे जरा रागाने पाहिलं, कारण हे त्यांनाही माहीत होतं, फक्त ती माहिती आहे असं त्यांना वाटलं नव्हतं.

तर, धावताना बरा आणि उभा असताना वाईट. इथे थोडं विज्ञान सांगावं लागेल, पण लवकर आटपते. एसी थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो, हमालासारखा. डॅशबोर्डच्या मागे एक जाळी असते, तिथे गॅस कमी दाबाखाली उकळतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता केबिनच्या हवेतून घेतो. गाड्यांमधला आर-१३४ए नावाचा गॅस साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवरच उकळतो, म्हणून हे जमतं. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तो तापतो आणि रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या दुसऱ्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये जातो. तिथे बाहेरची हवा त्याची उष्णता काढून घेते. बाहेर ४३ अंश असताना ही हवा त्याला थंड करणार, तर गॅस ६० अंशांच्या वर तापलेला असायला हवा आणि जाळीतून वारा भरपूर वाहायला हवा. गाडी पळतेय तोवर वारा फुकट मिळतो. उभी राहिली की सगळं पंख्यावर.

म्हणजे क्लीनरच्या एका वाक्याने अर्धं निदान केलेलं होतं. गॅस कमी असता तर ६० च्या स्पीडलाही कमीच असता.

मी मेडिकलच्या बाजूच्या दुकानातून लांब दांडीचा डिजिटल थर्मामीटर आणला, २८० रुपयांचा. आधी तो बर्फ घातलेल्या पाण्यात बुडवला आणि शून्याच्या आसपास दाखवतो का ते पाहिलं. हे नाटक वाटेल, पण २०२४ च्या मे महिन्यातच नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं होतं. देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडलाय. मोजायच्या आधी मोजणारा मोजून घ्यावा. मग दांडी मधल्या एसी व्हेंटमध्ये खोचली. बाहेर ४१, गाडी उभी, ब्लोअर पूर्ण. व्हेंटमधून २३ अंशांची हवा. बाबांनी ट्रिपच्या डायरीच्या मागच्या पानावर तो आकडा लिहिला. डिझेल, टोल, जेवण, हमाली लिहायच्या त्याच डायरीत, त्याच अक्षरात.

माझा मामेभाऊ फ्रिज-एसी दुरुस्त करतो, घरांमधले. ट्रकला हात लावायला तो तयार नव्हता, पण गेज घेऊन आला. निळा पाइप कमी दाबाच्या बाजूला, लाल जास्त दाबाच्या. इंजिन १५०० आरपीएमवर ठेवलं. अशा उन्हात निळा ३५ ते ५० आणि लाल २४० ते २८० पीएसआयच्या आसपास असावा असं तो म्हणाला. गॅस खरंच कमी असता तर दोन्ही काटे खाली दिसले असते. आमचे दोन्ही वर होते. निळा ५८, लाल ३६५.

"दादा, गॅस कमी नाही. जास्त हाय," तो बाबांना म्हणाला. बाबा काही बोलले नाहीत. मग त्याने आईला बादली मागितली.

कंडेन्सरवर समोरून पाणी मारलं. लाल काटा डोळ्यांदेखत उतरायला लागला. ३६५, ३२०, २८०, २५०. केबिनमध्ये मी थर्मामीटर धरून बसले होते. २३ चे १६ झाले. पाणी सुकलं तसा काटा परत वर चढला. या एका बादलीने दोन गोष्टी सांगितल्या. एक, यंत्र जिवंत आहे, कॉम्प्रेसर दाबतोय. दोन, उष्णता आतून उचलली जातेय पण बाहेर टाकता येत नाहीये. आणि एक तिसरी गोष्ट बाबांना एकदम आठवली. मिस्त्री दर वेळी गॅस टाकायच्या आधी जाळी साफ म्हणून समोरून पाण्याचा फवारा मारायचा. म्हणजे 'बर्फ आहे बर्फ' हा अनुभव पाण्याचा होता. पैसे गॅसचे.

मिस्त्री लबाड होता असं मला वाटत नाही. त्याच्याकडे गेज नव्हता, वजनकाटा नव्हता, आणि गिऱ्हाईक दर वर्षी समाधानाने जात होतं. कुणी त्याला का शंका घ्यायला लावेल?

पण जाळी तर समोरून स्वच्छ होती! बाबा ती दर ट्रिपला ब्रशने झाडतात, त्याचा त्यांना अभिमान आहे. मग आम्ही केबिन उचलली. (केबिन उचलली की तिचा लॉक बसल्याचा आवाज ऐकल्याशिवाय खाली वाकायचं नाही. बाबांचा हा नियम क्लीनरलाही लागू, मलाही, देवालाही.) कंडेन्सरच्या मागे दोन बोटांच्या अंतरावर इंटरकूलर असतो आणि त्याच्या मागे रेडिएटर. टॉर्च मारून त्या फटीत पाहिलं तर आत गादी होती. अक्षरशः गादी. जिनिंगच्या आवारात उडणारा कापसाचा तूस कंडेन्सरच्या कडांवरून आत शिरत, डिझेलच्या काजळीत आणि धुळीत भिजत, सहा हंगामांत थर लावत गेला होता. करड्या रंगाचा, नमद्यासारखा. हवा पुढून आत जात होती आणि भिंतीवर आपटत होती.

कंडेन्सरचे वरचे बोल्ट काढून, पाइप न सोडता, तो जेमतेम पुढे कलता केला आणि चिमट्याने, जुन्या दातांच्या ब्रशने, मग मागून पुढे कमी दाबाच्या पाण्याने ती गादी काढली. जास्त प्रेशरने मारलं की पातळ पत्रे वाकतात आणि मग वाट कायमची बंद होते, म्हणून सर्व्हिस सेंटरचा फवारा नको. घमेलंभर निघाला. बाबांनी हातात घेऊन पिंजून पाहिला. "लांब धाग्याचा हाय," म्हणाले.

इथे एक अवांतर सांगायचा मोह आवरत नाही. 'एअर कंडिशनिंग' हा शब्द कापसाच्या धंद्यातून आलाय. विलिस कॅरिअरने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवेतली आर्द्रता आवरणारं यंत्र आखलं, पण त्याला नाव नव्हतं. नाव दिलं स्टुअर्ट क्रेमर या अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या सूतगिरण्यांच्या इंजिनिअरने, १९०६ मध्ये. सूत तुटू नये म्हणून त्याला ओलावा देण्याला गिरण्यांमध्ये 'कंडिशनिंग' म्हणत, त्याने तेच हवेला लावलं. म्हणजे ही कल्पना मुळात धाग्याच्या सोयीसाठी होती. बाबा ज्या गिरण्यांना गाठी पोचवतात तिथेही धाग्यासाठी हवा सांभाळली जाते. गेटबाहेर उभ्या ट्रकमधल्या माणसाचं कुणी पाहत नाही.

गादी काढल्यावर उभ्या गाडीत लाल काटा ३०० वर आला, व्हेंट १९. सुधारलं, पण पुरेसं नाही. पंखा तपासला, इंजिन तापल्यावर तो गुरगुरत होता आणि हाताला धरून ठेवल्यासारखा जड फिरत होता, म्हणजे त्याचा क्लच ठीक. बेल्टही ताणलेला होता. मामेभाऊ म्हणाला, आता जास्तीचा गॅस काढू. मी म्हटलं, थांब, काहीतरी वेगळंच होतंय. व्हेंटच्या हवेला एक विचित्र सवय होती. गाडी सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटं ती चांगली थंड यायची आणि इंजिन तापलं की बिघडायची. काटे मात्र तेवढे बदलत नव्हते.

उत्तर बाबांच्या तोंडून आलं, आणि तेही सहज. "हीटरचा खटका केव्हाचा तुटला हाय. आपल्याले हीटर कायले लागते?"

विदर्भात हीटर कायले लागते, बरोबर आहे. पण हीटर म्हणजे इंजिनचं ८०-८५ अंशांचं पाणी डॅशबोर्डमागच्या एका छोट्या जाळीतून फिरवणं. ते पाणी अडवणारा एक वॉल्व्ह असतो आणि खटका त्या वॉल्व्हची तार ओढतो. तार तुटली तेव्हा वॉल्व्ह अर्धा उघडा राहिला असणार. म्हणजे एसी हवा थंड करायचा आणि दोन वीत पुढे हीटर तीच हवा गरम करायचा. दोघंही प्रामाणिकपणे आपापलं काम करत होते. हात लावून पाहिलं तर हीटरकडे जाणारे दोन्ही रबरी पाइप चटका बसेल इतके गरम. बंद वॉल्व्हमागचा परतीचा पाइप इतका तापत नाही. एका पाइपवर फडकं गुंडाळून गुळगुळीत तोंडाच्या शिकंजाने तो दाबून बंद केला. चार मिनिटांत १९ चे १४.

बाबा आतमध्ये बसले होते. काच वर, दार बंद. मी खालून विचारलं, "बाबा, कसं वाटतंय?" ते म्हणाले, "बस ना थोडा वेळ." मग मी पण चढून बसले. बोललो काहीच नाही. क्लीनर मागच्या बर्थवर पाय पसरून झोपला होता, एप्रिलच्या दुपारी दोन वाजता.

वॉल्व्ह सहाशे रुपयांत मिळाला. बाकीच्या गोष्टी किरकोळ होत्या पण केल्या. गिअरच्या दांड्याभोवतीचं फाटलेलं रबर बदललं, कारण खाली थेट इंजिन आहे आणि तिथून भट्टीची हवा वर येत होती. दाराचं रबर बदललं. आतलीच हवा फिरवायचा खटका 'आत'वर असूनही बाहेरची हवा येतेय का, हे आम्ही उदबत्तीने पाहिलं. बाहेरच्या जाळीपाशी उदबत्ती धरली तर तीन सेकंदांत आत मोगऱ्याचा वास. पडदी अडकलेली होती, तिथेही तूसच.

मग नागपूर. जास्तीचा गॅस हवेत सोडून द्यायला कुणीही तयार असतं, "दोन मिनिटांचं काम". पण हा गॅस किलोमागे शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजार पटींहून जास्त उष्णता अडवतो. आम्ही उन्हामुळेच ही सगळी धडपड करत होतो, तेव्हा त्या उन्हात आणखी भर नको, असं मला वाटलं. गॅस ओढून घेणारं मशीन असलेलं वर्कशॉप शोधलं. मशीनने आमच्या गाडीतून जवळपास १,०५० ग्रॅम काढला. बॉनेटच्या आतल्या स्टिकरवर लिहिलं होतं ८००. त्यांनी पाऊण तास व्हॅक्यूम ओढला, काटा तिथेच थांबतो का पाहिलं. थांबला, म्हणजे मोठी लीक नाही. मग मोजून ८०० ग्रॅम भरला. उभ्या गाडीत लाल काटा २६०, व्हेंट ११. वर्धा रोडला लागल्यावर ९.

बाबांनी डायरीत ९ लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली.

आता 'एसीत झोप लागते' याबद्दल. हे मी लहानपणापासून ऐकतेय, मालकांकडून जास्त, ड्रायव्हरांकडून कमी. झोप लागते ती रात्रभर चालवल्यावर लागते. आदिलाबादला बाबांना झोप आली नव्हती, ते जागे होते आणि कुठे आहेत ते त्यांना कळत नव्हतं. नागपूरचेच खासदार असलेले नितीन गडकरी यांनी २०२३ मध्ये ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा करायचं जाहीर केलं आणि २०२५ मध्ये नव्याने तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना तो बंधनकारक झाला. चांगलं झालं. पण रस्त्यावरचे बहुतेक ट्रक त्याच्या आधीचे आहेत, आणि नव्यांच्या जाळ्याही सहा हंगामांनी भरणारच आहेत. तेव्हा कुणीतरी चहा पिता पिता म्हणेल, गॅस कमी झाला असन.

त्या उन्हाळ्यात बाबांनी चार फेऱ्या केल्या. दर फेरीला मला व्हेंटचा आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर यायचा, बाकी काही नाही. १०. १२. १०. एकदा १५ आला आणि तासाभराने १०, मध्ये एका ढाब्यावर त्यांनी जाळीमागे टॉर्च मारली होती. कोइंबतूरच्या गेटवर लायनीत त्यांनी दुसऱ्या एका ट्रकचा हीटरचा पाइप चिमटून दाखवला, हे मला क्लीनरने सांगितलं.

एक प्रश्न मात्र सुटलेला नाही. एसी इंजिनवर चालतो. गाडी उभी करून दुपारी तीन तास झोपायचं तर इंजिन चालू ठेवावं लागतं, आणि बाबांच्या हिशेबाने तासाला दीड-दोन लिटर डिझेल जातं. एका झोपेचे चार-पाचशे रुपये. स्वतःच्या गाडीला ते परवडत नाही, मालकाच्या गाडीवरच्या ड्रायव्हरला तर मालक हिशेब विचारेल. म्हणून बारा ते चार बाबा चालवतात आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर ढाब्याच्या खाटेवर झोपतात. आधी उलटं होतं. डॉक्टरांना मी हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, पाणी पीत असतात ना?

पितात. दर तासाला अर्धी बाटली. तेही डायरीत लिहून ठेवतात.